दार ठोठावण्याचाही परवाना

१० फेब्रुवारी २००४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका फेडरल न्यायाधीशाने कीथ बोल्स नावाच्या कैद्याला अपील करण्यासाठी २७ फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली. हुकूम लेखी होता, तारीख स्वच्छ होती. बोल्सच्या वतीने २६ तारखेला, म्हणजे एक दिवस हातात ठेवून, अपिलाचा कागद दाखल झाला. वरच्या कोर्टाने तो मुदतबाह्य ठरवून फेटाळला.

झाले ते असे. १९९९ साली ज्युरीने बोल्सला खुनासाठी दोषी ठरवले होते. शिक्षा किमान १५ वर्षे, कमाल जन्मठेप. पुढे त्याने फेडरल कोर्टात हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला. आपल्याकडे ज्याला बंदीप्रत्यक्षीकरण म्हणतात तोच हा अर्ज: मला कोणत्या अधिकाराने डांबले आहे ते सरकारला विचारा. सप्टेंबर २००३ मध्ये तो नामंजूर झाला. अपिलाची ३० दिवसांची मुदत हुकली. निकालाची सूचनाच वेळेत मिळाली नसेल तर न्यायाधीश ही मुदत पुन्हा खुली करू शकतो, मात्र कायद्याप्रमाणे फक्त १४ दिवसांसाठी. या न्यायाधीशाने हुकमात १७ दिवस लिहिले. का लिहिले, याचा खुलासा कुठेच नाही. १४ दिवस २४ फेब्रुवारीला भरत होते. राज्याच्या वकिलांनी वरच्या कोर्टात नेमके यावर बोट ठेवले, आणि न्यायाधीशाच्या चुकीची शिक्षा न्यायाधीशाचा हुकूम पाळणाऱ्याला झाली.

१४ जून २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हेच कायम केले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी लिहिला. अपिलाची मुदत कायदेमंडळाने घालून दिलेली आहे, ती ओलांडली की अपील ऐकण्याचा अधिकारच कोर्टाकडे उरत नाही, मग चूक कोणाचीही असो, असा त्याचा आशय. कोर्टाच्या चुकीमुळे फसलेल्याला सांभाळून घेणारे १९६०च्या दशकातले दाखले होते; तेही त्याच निकालाने रद्द केले. न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी विरोधी मत दिले. न्यायव्यवस्थेने माणसांना असे वागवावे हे सहन होण्यासारखे नाही, असे त्यांनी त्यात स्पष्ट म्हटले.

बोल्स निर्दोष होता असा माझा दावा नाही. एक माणूस जिवानिशी गेला होता आणि त्या मृत्यूचा जाब विचारणे हा समाजाचा हक्क आहे. पण एखाद्याची तक्रार ऐकून, तपासून ती खोटी ठरवणे ही एक गोष्ट झाली. ती ऐकावीच लागू नये म्हणून नियमांच्या भिंती उभारणे ही अगदी वेगळी गोष्ट. पहिल्या गोष्टीला न्याय म्हणतात. दुसरीलाही आज न्यायच म्हटले जाते, आणि सुशिक्षित, देवभीरू, कायदा पाळणारा समाज ते निमूटपणे ऐकून घेतो. माझा आरोप कोर्टांवर आहे त्याहून जास्त या समाजावर आहे.

मराठी वाचक म्हणेल, ओहायोतल्या कैद्याशी आमचे काय देणेघेणे? देणेघेणे आहे, आणि ते १८७३ पासूनचे आहे. त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या त्या सत्पुरुषांना अर्पण केली, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी स्वतःची झीज सोसली. इथल्या शूद्रातिशूद्रांच्या सुटकेसाठी आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा, ही जोतीरावांची आस होती. ज्या पिढीला त्यांनी हा मान दिला, तिनेच सहा वर्षे आधी, ५ फेब्रुवारी १८६७ रोजी, एक कायदा केला होता. राज्य सरकारांच्या कैदेतला कोणीही माणूस ‘मला संविधान मोडून डांबले आहे’ असे म्हणत फेडरल न्यायाधीशाकडे जाऊ शकेल, असे त्या कायद्याने ठरवले. यादवी युद्ध नुकतेच संपले होते. दक्षिणेतल्या राज्यांची कोर्टे कालच्या मालकांच्या हाती होती, आणि कालच्या गुलामांना तिथे न्याय मिळणार नाही हे उघड होते. म्हणून हे दार बांधले गेले. ते कोणासाठी बांधले, हे विसरून पुढचे काहीच कळणार नाही.

त्या दारातून कोण आत आले ते पाहा. ३० सप्टेंबर १९१९. अर्कान्सॉ राज्यात फिलिप्स परगण्यातल्या हूप स्पर गावच्या चर्चमध्ये काळे कूळ शेतकरी जमले होते. कापूस ते पिकवत, हिशेब जमीनदार ठेवत, आणि वर्ष संपले की अंगावर कर्जच उरे. भाव मिळावा, हिशेब दाखवावा, एवढ्यासाठी त्यांनी संघटना काढली होती. त्या रात्री गोळीबार झाला, एक गोरा मेला, आणि पुढचे काही दिवस जमावाने आणि सैनिकांनी मिळेल त्या काळ्या माणसाला टिपले. इलेन हत्याकांड म्हणून ते ओळखले जाते. किती जीव गेले याचा नक्की आकडा आजही नाही. अंदाज शंभरापासून दोनशेच्या पुढे जातात. खटले मात्र काळ्यांवर भरले गेले. बारा जणांना फाशी सुनावली. कोर्टाबाहेर जमाव उभा, ज्युरीत एकही काळा नाही, बचावासाठी एकही साक्षीदार बोलावलेला नाही. खटला पाऊण तासात आटोपला आणि ज्युरीने पाच मिनिटांच्या आत निकाल दिला.

बारांपैकी सहा जणांनी फेडरल कोर्टात हेबिअसचा अर्ज केला. त्यांची बाजू बांधली होती लिटल रॉकच्या सिपिओ आफ्रिकानस जोन्स या काळ्या वकिलाने, जो स्वतः गुलामीत जन्मला होता. न्यायाधीशाने अर्ज फेटाळला. पण फेटाळताना त्याने एक गोष्ट केली: या प्रकरणात अपिलाला सबळ कारण आहे, असे आपल्या सहीनिशी लिहून दिले. १९०८ च्या कायद्याप्रमाणे असे प्रमाणपत्र असल्याशिवाय कैद्याला अपील करता येत नसे. त्या चार ओळींच्या जोरावर प्रकरण वॉशिंग्टनला पोचले. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकाल दिला की जमावाच्या दहशतीखाली चाललेला खटला हा केवळ खटल्याचा मुखवटा आहे, आणि फेडरल न्यायाधीशाला त्यामागे काय घडले ते तपासावेच लागेल. पुढच्या दोन वर्षांत सहाही जण सुटले. अर्ज नामंजूर करणाऱ्या माणसानेच ‘माझे चुकत असेल, वर विचारा’ म्हणण्याचा प्रामाणिकपणा दाखवला नसता तर सहा निरपराध शेतकरी विजेच्या खुर्चीत गेले असते.

आता १९९६ कडे या. १९ एप्रिल १९९५ ला ओक्लाहोमा सिटीतली सरकारी इमारत बॉम्बने उडवली गेली; १६८ माणसे मेली, त्यांत पाळणाघरातली मुले होती. संताप साहजिक होता. वर्षभरात दहशतवादविरोधी कायदा आला. सिनेटमध्ये तो ९१ विरुद्ध ८ मतांनी संमत झाला, आणि निवडणुकीच्या वर्षात अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २४ एप्रिल १९९६ रोजी त्यावर सही केली. बॉम्ब ठेवणारा गोरा माजी सैनिक होता आणि त्याच्यावर फेडरल कोर्टात रीतसर खटला चालला. पण त्या संतापाचा भार येऊन पडला तो राज्यांच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे पडलेल्या, बॉम्बशी काडीचा संबंध नसलेल्या कैद्यांच्या पाठीवर. हेबिअससाठी एका वर्षाची मुदत आली. दुसरा अर्ज जवळजवळ बंद झाला. राज्याच्या कोर्टाचे चुकले एवढे पुरेसे राहिले नाही. ते अवाजवीपणे चुकले हे दाखवावे लागू लागले. आणि प्रमाणपत्राची अट अधिक कडक झाली. संविधानाने दिलेला हक्क हिरावला गेल्याचे ठोस चित्र उभे केल्याशिवाय अपील नाही.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते ते समजून घेतले पाहिजे. कैद्याचा अर्ज जो न्यायाधीश फेटाळतो, तोच आधी ठरवतो की त्याच्या निकालाविरुद्ध अपिलाला वाव आहे का. विवेकी कायदेपंडितांचे या प्रश्नावर दुमत होऊ शकेल का, असे त्याने स्वतःला विचारायचे असते. त्याने नाही म्हटले की कैदी वरच्या कोर्टाकडे तेच प्रमाणपत्र मागतो, आणि तिथून बहुधा एक-दोन परिच्छेदांचा नकार येतो. म्हणजे अपील हरले असेही नाही. अपील करायची परवानगीच मिळाली नाही. उलट कैदी जिंकला आणि राज्य सरकार हरले, तर राज्याला असले कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही. राज्य सरळ अपील करते. ज्याच्याकडे पगारी वकिलांची फौज आहे त्याला दार सताड उघडे, आणि जो गजांआड बसून कागद खरडतो त्याने मात्र आधी ठोठावण्याचा परवाना आणायचा. असा कायदा बहुमताने संमत करणाऱ्या समाजाला समतेवर व्याख्याने देण्याचा अधिकार कोणी दिला?

आणि कागद खरडणारा तो कोण असतो? फाशीची शिक्षा नसेल तर हेबिअससाठी सरकारी वकील मिळण्याचा हक्कच त्याला नाही. छापील फॉर्म भरायचा, तुरुंगाच्या ग्रंथालयात मिळेल तेवढा वेळ बसायचे, बाकीचे स्वतःच शिकायचे. अर्जाची फी ५ डॉलर आहे, पण अपिलाची आज ६०० डॉलरच्या वर आहे. ती माफ व्हावी म्हणून गरिबीचा वेगळा अर्ज, त्याला तुरुंगातल्या खात्याचा उतारा जोडायचा. टपाल स्वतः पेटीत टाकता येत नाही, ते अधिकाऱ्याच्या हाती द्यावे लागते. टेनेसीतल्या ह्यूस्टन नावाच्या कैद्याने १९८६ मध्ये हेबिअस नाकारल्यावर २७ व्या दिवशी अपिलाची नोटीस तुरुंग अधिकाऱ्यांच्या हाती दिली. कोर्टाचा शिक्का पडला ३१ व्या दिवशी. एक दिवस उशीर म्हणून अपील गेले. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांच्या निकालाने ठरवले की कैद्याने कागद अधिकाऱ्याच्या हाती दिला तोच दाखल करण्याचा दिवस धरायचा. इतकी साधी माणुसकीची गोष्ट, आणि तीही ५ विरुद्ध ४.

फ्लोरिडातल्या अल्बर्ट हॉलंडचे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. तो फाशीचा कैदी होता, त्याला सरकारने वकील दिला होता. एक वर्षाची मुदत कधी संपते हे हॉलंडला नीट ठाऊक होते. तो वकिलाला पत्रामागून पत्र लिहीत राहिला: राज्याच्या कोर्टाचा निकाल लागला की मला लगेच कळवा, फेडरल अर्ज वेळेत टाका. उत्तर नाही. वकील बदलून द्या म्हणून त्याने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे दोनदा मागणी केली. तुला वकील आहे, तू स्वतः कोर्टाला लिहू शकत नाहीस, असे सांगून ती बाजूला सारण्यात आली. शेवटी जानेवारी २००६ मध्ये एके दिवशी तुरुंगाच्या ग्रंथालयात बसला असताना त्याला कळले की आपल्या प्रकरणाचा निकाल काही आठवड्यांपूर्वीच लागून गेला आहे आणि मुदत संपली आहे. त्याने स्वतः हाताने अर्ज लिहिला आणि दुसऱ्या दिवशी टपालात दिला. खालच्या दोन्ही कोर्टांनी तो मुदतीबाहेरचा ठरवला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितले की असाधारण परिस्थितीत ही एका वर्षाची मुदत सैल करता येते. कायद्याची मुदत कायदा शिकलेल्या वकिलाने चुकवली होती आणि गजांआडच्या माणसाने तळहातावर लिहिल्यासारखी लक्षात ठेवली होती. तरीही ही गोष्ट पटवायला चार वर्षे गेली.

अलाबामाच्या कोरी मेपल्सची गत याहून वेगळी नाही. त्याचे दोन वकील न्यूयॉर्कच्या बड्या कंपनीतून नोकरी सोडून गेले, त्याला कोणी कळवले नाही. कोर्टाने पाठवलेली पाकिटे कंपनीच्या टपालखात्याने न उघडता परत पाठवली. कोर्टाच्या कारकुनाने ती घेतली आणि पुढे काहीच केले नाही. मुदत टळली. फाशीच्या दोरीवर असलेल्या माणसाचे भवितव्य त्या दोन बंद पाकिटांत होते. त्याला २०१२ मध्ये दाद मिळाली, पण असे किती मेपल्स असतील ज्यांची पाकिटे कोणत्याच निकालपत्रात आली नाहीत?

वंशाचा प्रश्न बाजूला ठेवून हे बोलता येत नाही. अमेरिकेच्या लोकसंख्येत काळे लोक आठांत एकाच्या आसपास. तुरुंगात ते तिघांत एक. टेक्सासमध्ये ड्वेन बक या काळ्या माणसाने दोघांचा खून केला होता, याबद्दल वाद नाही. प्रश्न होता फाशी की जन्मठेप. टेक्सासच्या कायद्यात फाशीसाठी ज्युरीला ठरवावे लागते की हा माणूस पुढेही धोकादायक राहील का. बकच्याच वकिलाने एका मानसशास्त्रज्ञाला साक्षीला आणले, आणि त्याने सांगितले की काळा असणे ही गोष्ट धोका वाढवते. ज्युरीने विचारविनिमय करताना तो अहवाल मागवून घेतला आणि फाशी दिली. २००० साली टेक्सासच्या ॲटर्नी जनरलने मान्य केले की या साक्षीने अनेक खटले नासले. इतर कैद्यांना शिक्षेची नवी सुनावणी मिळाली, बकला मिळाली नाही, कारण साक्षीदार त्याच्याच वकिलाने आणला होता. फेडरल अपील कोर्टाने त्याला प्रमाणपत्रही दिले नाही. कातडीच्या रंगावरून माणसाला मरणाच्या लायक ठरवले, यावर विवेकी माणसांचे दुमतसुद्धा होऊ शकत नाही, असा त्या नकाराचा अर्थ होतो. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी ६ विरुद्ध २ मतांनी तो नकार खोडून काढला, आणि काही विषे थोड्या प्रमाणातही जीव घेतात असे लिहिले. त्याच वर्षी बकची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. १८६७ च्या कायद्याने ज्यांना संरक्षण दिले त्यांचा पणतू दीडशे वर्षांनी त्याच दारात उभा होता, आणि त्याला आधी ठोठावण्याची परवानगी मागावी लागली.

मुदतीचे आणि नियमांचे समर्थन करणारे एक गंभीर कारण देतात, आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. ज्यांचा माणूस मारला गेला त्यांनी किती वर्षे कोर्टाच्या तारखा मोजायच्या? कधीतरी प्रकरण संपले पाहिजे. या कुटुंबांचे दुःख खरे आहे. त्यांना प्रत्येक सुनावणीला जखम उघडी करावी लागते. परंतु त्यांचे ऋण समाजावर कशाचे आहे? खरा गुन्हेगार, खऱ्या पुराव्याने, निर्भेळ खटल्यातून शिक्षा झालेला. चुकीचा माणूस आत टाकून त्यांना दिलेली शांतता म्हणजे त्यांची दुसरी फसवणूक. आणि ही दिरंगाई कैद्यामुळे होते हेही खरे नाही. बकच्या बाबतीत राज्याने २००० साली जी चूक इतरांसाठी मान्य केली ती त्याच्यासाठी मान्य केली असती तर मृतांच्या नातेवाइकांची सतरा वर्षे वाचली असती.

१९९१ च्या रॉजर कोलमन प्रकरणाचा दाखला विरोधक देतात, तोही मी लपवणार नाही. व्हर्जिनियाच्या या फाशीच्या कैद्याच्या वकिलांनी राज्यातले अपील तीन दिवस उशिरा टाकले, म्हणून फेडरल कोर्टांनी त्याचे म्हणणे ऐकले नाही. निकालपत्राची सुरुवातच अशी, की हा खटला संघराज्य आणि राज्ये यांच्या अधिकारांचा आहे. एक माणूस मरणार की जगणार, याचा उल्लेख त्या वाक्यात नाही. १९९२ मध्ये त्याला विजेच्या खुर्चीत मारले. २००६ मध्ये झालेल्या डीएनए तपासणीने गुन्हा त्यानेच केला हे सिद्ध केले. मग झाले की नीट, असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो: १९९२ मध्ये हे तुम्हाला ठाऊक होते का? चौदा वर्षांनी पुरावा अनुकूल निघाला म्हणून आंधळेपणाने घेतलेला जीव डोळसपणे घेतला असे होत नाही. तीच तपासणी उलटी निघाली असती तर कोणत्या तोंडाने कोणाला उत्तर दिले असते?

उलटी निघाल्यावर काय होते तेही दिसले आहे. ॲरिझोनात बॅरी जोन्स याला चार वर्षांच्या मुलीच्या खुनासाठी १९९५ मध्ये फाशी सुनावली गेली. त्याच्या वकिलांनी वैद्यकीय पुरावा धड तपासलाच नव्हता. पुढे फेडरल कोर्टात तज्ज्ञांनी साक्षी दिल्या की मुलीला इजा झाली ती वेळ फिर्यादीच्या म्हणण्याशी जुळत नाही. २०१८ मध्ये न्यायाधीशाने नवा खटला चालवा किंवा सोडा असा हुकूम दिला. राज्य अपिलात गेले. सर्वोच्च न्यायालयात उभे राहून राज्याच्या वकिलांनी सांगितले की इथे निर्दोष असणे पुरेसे नाही. आणि मे २०२२ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी ते म्हणणे टिकले: हा पुरावा राज्याच्या कोर्टात आधी मांडला नव्हता, म्हणून फेडरल कोर्टाने तो बघायचाच नाही. मांडला नव्हता, कारण त्या पायरीवरचा वकीलही नालायक होता. पुढच्या वर्षी राज्याशी तडजोड होऊन जोन्स सुटला. मुलीला वेळेवर इस्पितळात नेले नाही एवढ्या दोषावर. जवळजवळ २९ वर्षे तुरुंगात गेली होती. भर कोर्टात, लोकांच्या करातून पगार घेणारा वकील हे वाक्य बोलला आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर कोणी उतरले नाही.

आपल्या घरी हे घडत नाही असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीतल्या सहा जणांना एका दरोडा, बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात फाशी झाली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच द्या म्हटले. त्या निकालाला अंतिम म्हणायला कायद्याची काहीच आडकाठी नव्हती, कारण फेरविचार अर्ज तेव्हा न्यायाधीशांच्या दालनात, वकिलांना न ऐकता निकाली निघत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ठरवले की फाशीच्या फेरविचाराची सुनावणी खुल्या कोर्टात व्हावी. त्या उघडलेल्या दारातून हे सहा जण आत आले. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखले होते. सोळा वर्षे गेली होती. त्या सहांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. ज्या समाजात या जमातीची माणसे गावात शिरली की चौकीवर वर्दी जाते, त्या समाजाने या सोळा वर्षांबद्दल कधी मान खाली घातली? डिसेंबर २०१९ मध्ये, म्हणजे त्याच वर्षी, हैदराबादजवळ चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली, आणि मराठी घरांतल्या फोनांवरूनही टाळ्या फिरल्या. माजी न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने पुढे ती चकमक बनावट ठरवली. तो अहवाल त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी उघडला?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी बांधवांना मला वेगळे सांगायचे आहे. नागरिकत्व घेतलेत, मुले तिथे शिकली, घरे झाली. तुरुंग आपल्या जगापासून फार दूर आहे, तिथे ‘ते लोक’ असतात, असे बहुतेकांच्या मनात असते. जेवणाच्या टेबलावर ते उघड बोललेही जाते. जोतीरावांनी ज्या देशाकडे आशेने पाहिले त्या देशात जाऊन तिथल्या जुन्या गुलामांच्या वंशजांबद्दल आपण तेच शब्द वापरत असू, जे इथे कोणाबद्दल वापरले जात होते हे आपल्याला चांगले ठाऊक आहे, तर ही शरमेची गोष्ट आहे. ज्युरीचे बोलावणे आले की ते कसे टाळावे याच्या युक्त्या एकमेकांना सांगू नका. ज्युरीत बसा, आणि साक्ष देणारा जेव्हा माणसाच्या रंगाला पुरावा म्हणून पुढे करतो तेव्हा तिथे नाही म्हणणारा एक माणूस असू द्या.

आणखी एक गोष्ट तुमच्या हातात आहे. टेक्सास, कॅलिफोर्निया, इलिनॉय अशा बहुतेक राज्यांत ॲटर्नी जनरल लोकांच्या मतांनी निवडून येतो. हेबिअसच्या अर्जांना विरोध त्याच्याच कार्यालयातून होतो. बोल्सला अडवणारी अपिलाची मुदत सोडून देणे कोणाच्याच हाती नाही, तिच्यासाठी काँग्रेसने एक ओळ बदलायला हवी, आणि ती ओळ अजून तशीच आहे. पण अर्जाची जी एका वर्षाची मुदत आहे, तिचा आग्रह सोडून तक्रार गुणदोषांवर लढवायला राज्य मोकळे असते. समजून उमजून तसे केले तर कोर्टाने ते मानावे, हे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. तेव्हा ज्या दिवशी उमेदवार मंडळाच्या सभागृहात मते मागायला येईल, तुमच्यासोबत फोटो काढील, गणपतीला हार घालील, त्या दिवशी त्याला विचारा की मागच्या कार्यकाळात तुमच्या कार्यालयाने किती कैद्यांचे म्हणणे ऐकून खोडले, आणि किती जणांचे नुसते तारीख दाखवून परत केले. आकडा लगेच सांगता आला नाही तर लेखी मागा.